बाकी दोन

तेजलने खडू फळ्याला टेकवला आणि मागे वळून पुन्हा एकदा डोकी मोजली. अठरा. स्वतःला धरून अठरा. हर्षद बाकाखाली वाकून पेन्सिलीचं टोपण शोधत होता, त्यालाही तिने सोडलं नव्हतं.

"वीस लिही," माधुरी बाई हजेरीपुस्तकातून मान वर न करता म्हणाल्या.

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज वार, तारीख, पट आणि हजर लिहायचं काम मॉनिटरचं, आणि चौथीची मॉनिटर तेजल. तिने लिहिलं. पट वीस, हजर वीस. अक्षर नेहमीसारखं टपोरं आलं. दिवाळीनंतर पहिल्या आठवड्यात तिने एकदा सांगून पाहिलं होतं, "बाई, अठराच आलीत." तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "येतील गं दोघं, लिही तू." ते दोघं म्हणजे चैतन्य आणि श्रुतिका, जुळी भावंडं. त्यांच्या वडिलांचा साकीनाक्यावरचा रंगकामाचा गाळा बंद पडला आणि बिऱ्हाड नालासोपाऱ्याला गेलं. त्याला आता दोन महिने होऊन गेले होते. नालासोपाऱ्याहून कोणी अंधेरीला चौथी शिकायला येत नाही, एवढं तेजललाही कळत होतं.

पण एखादी गोष्ट कळली म्हणून गप्प बसेल ती तेजल कसली! प्रश्न विचारल्याशिवाय या पोरीला घास गोड लागत नसे. तिसरीच्या बाईंनी त्यापायी तिचं नाव 'चोंबडी' ठेवलं होतं. माधुरी बाईंचं तसं नव्हतं. त्या प्रश्न ऐकून घेत. उत्तर येत नसेल तर "उद्या बघून सांगते" म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच सांगत. मोठ्या माणसांत हा गुण किती दुर्मीळ असतो ते तेजलला नऊ वर्षांत पुरतं कळून चुकलं होतं. म्हणून तिचा बाईंवर जीव होता. घरी ती आईपेक्षा बाईंचंच नाव जास्त घेई आणि आई त्यावरून तिला टोमणे मारी.

त्या दिवशी भागाकार होता. बाईंनी फळ्यावर सत्तेचाळीस पेरू पाच जणांत वाटले. प्रत्येकाला नऊ, बाकी दोन. बाईंनी दोनाभोवती गोल काढला आणि खडूची धूळ झटकली. तेजलचा हात वर गेला.

"बाई, बाकीचं पुढे काय होतं?"

"पुढे काय होणार? बाजूला लिहायची."

"लिहिली. पण दोन पेरू तर उरलेच ना? ते कुठे जातात?"

"हर्षदच्या पोटात!" मागून कोणीतरी म्हणालं आणि वर्ग खिदळला. बाईही हसल्या.

"अपूर्णांक शिकलो की कापू आपण ते पेरू. तोवर राहू देत तसेच."

तेजल खाली बसली खरी, पण तिचं समाधान झालं नव्हतं. सगळा वर्ग पुढच्या गणितावर गेला आणि ती मात्र त्या दोन पेरूंपाशीच राहिली. पुस्तकातल्या प्रत्येक गणिताच्या शेवटी काहीतरी उरत होतं. कुठे दोन लाडू, कुठे तीन वह्या, कुठे एक माणूस. ज्यांना मिळायचं त्यांना मिळालं, गणित सुटलं, शाबासकी झाली. उरलेल्याकडे मात्र कोणी ढुंकून बघत नव्हतं.

संध्याकाळी तिने बाबांना गाठलं. अंबादास पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात कापणीच्या मशीनवर होता. तो हातपाय धुऊन चहाला बसला होता.

"बाबा, पत्रा कापल्यावर उरतो का हो?"

"उरतो ना. कात्रण म्हणतो आम्ही त्याला."

"त्याचं काय करता?"

"भंगारात."

"पण मुळात उरतो कशाला?"

अंबादासने बशीत चहा ओतला. या प्रश्नावर आपला शेठही इतका विचार करत नसेल असं त्याच्या मनात येऊन गेलं. "मांडणी बरोबर केली तर कमी उरतो. मांडणी चुकली की जास्त."

आजीचं उत्तर वेगळंच होतं. सुंदराबाई जालन्याकडची, आणि वस्तीत बुद्धपौर्णिमेच्या खिरीचं पातेलं अजूनही तिच्याच ताब्यात असे.

"उरलं तर परत पंगतीतून फिरवायचं, लहान पोरांपासून," ती म्हणाली. "पण वाढप्यानं खायचं नाही. वाढप्यानं उरलेलं खाल्लं की लोक म्हणतेत, यानंच मुद्दाम उरवलं."

तेजलला ही दोन्ही उत्तरं पुस्तकातल्यापेक्षा बरी वाटली. तिने वहीच्या शेवटच्या पानावर ती लिहून ठेवली आणि खाली स्वतःचं एक गणित मांडलं: केळी वीस, मुलं अठरा. भागाकार एक, बाकी दोन.

कारण केळ्यांचा वार बुधवार होता, आणि उद्याच बुधवार होता. दर बुधवारी खिचडीच्या पिंपाबरोबर पटाइतकी केळी येत. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या बुधवारी दोन उरली तेव्हा बाईंनी विचारलं होतं, "कोणाला हवीत?" त्यावर हर्षदने "बाई, ही कोणाची पण?" असं विचारलं होतं. तेव्हापासून बाईंनी उरलेली केळी कोणाला दिलेली तेजलने पाहिली नव्हती. ती टोपलीतही परत जात नव्हती. मग जात होती कुठे?

बुधवारी मधल्या सुट्टीत तिने पाळत ठेवली. वाटप झालं. बाईंनी उरलेली दोन केळी पदराआड धरली आणि त्या वर्गाशेजारच्या खोलीत गेल्या. तिथे नकाशे, तुटकी बाकं आणि पृथ्वीचा गोल असे. दार नीट लागत नव्हतं. तेजलने फटीला डोळा लावला.

माधुरी बाई कपाटाच्या आडोशाला उभ्या राहून केळं खात होत्या. खात होत्या म्हणण्यापेक्षा गिळत होत्या. डोळे मिटून, औषध घ्यावं तसं. बाईंना केळं चालत नाही, लगेच खोकला होतो, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. वाढदिवसाच्या शिकरणीचा द्रोणसुद्धा त्या हसून परत करत. पहिलं संपलं. बाईंनी दुसरं सोललं, क्षणभर त्याच्याकडे बघितलं, आणि तेही खाल्लं. सालं कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकली. मग त्या खोकल्या, पदर तोंडाशी दाबून, आवाज बाहेर जाऊ नये अशा बेताने.

तेजलला हसू आलं नाही.

"काय गो चेडवा, अशी लपान काय बघतंस?" मागे झाडू घेऊन प्रेमा मावशी उभी होती. शाळेची झाडलोट तिच्याकडे. मूळची मालवणकडची, आणि शाळेतली अशी एकही गोष्ट नव्हती जी तिला आधी कळत नसे.

"मावशी, बाई केळी का खातायत? त्यांना नाही ना चालत."

प्रेमा मावशीने दाराकडे पाहिलं आणि तिला दंडाला धरून नळाकडे नेलं.

"कोणाक सांगू नको हां. वीस नावां असली तर तुमचो वर्ग ऱ्हवतलो. एक जरी कमी झालां तर तुमका पलीकडच्या शाळेत धाडतले, आणि बाईंका खंयतरी लांब. केळी परत गेली तर वर विचारतले ना, उरली कशी म्हणान?"

पलीकडची शाळा म्हणजे हायवे ओलांडून. आई कधी एकटीला जाऊ देणार नव्हती. आणि बाई नसणार. तेजलला रडू आलं नाही, पण नळाची तोटी तिने कितीतरी वेळ उगीचच चालू-बंद केली. म्हणजे उरलेलं कोणाला तरी गिळावं लागत होतं तर. बाबांचं उत्तर खरं होतं, आजीचंही खरं होतं, आणि तरी बाईंची चूक आहे असं म्हणायला तिचं मन तयार होईना.

शुक्रवारी शाळा तपासायला वरचे साहेब आले. ते येणार असल्याचं कोणी कळवलं नव्हतं. उंच, सडपातळ, बोलायला मऊ. मुलं उभी राहिली, "एक साथ नमस्ते" झालं. साहेबांनी भिंतीवरचे तक्ते पाहिले, एकाला पाढा म्हणायला लावला, मग तेजलकडे बोट केलं.

"सत्तावीस भागिले चार?"

"सहा. बाकी तीन."

"वा! पाटी न घेता?" साहेब खूश झाले. बाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर अभिमान दिसला. मग साहेबांची नजर फळ्याच्या कोपऱ्यात गेली. "पट वीस, हजर वीस. छान." आणि मुलांकडे वळून त्यांनी पेनाच्या टोकाने सावकाश हवेत मोजायला सुरुवात केली. पेन शेवटच्या बाकावर जाऊन थांबलं.

"मला अठराच दिसतायत, बाई."

माधुरी बाईंनी हजेरीपुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. आपण कधी उभ्या राहिलो ते तेजलचं तिलाच कळलं नाही.

"साहेब, दोघं पाणी प्यायला गेलीत."

किती सफाईने आलं ते! कुठे अडखळणं नाही, काही नाही. तेजलला स्वतःचंच नवल वाटलं. हर्षदने तिच्याकडे आ वासून पाहिलं आणि मग चटकन खाली बघितलं. मागच्या बाकांवरची चुळबुळ थांबली. सतरा मुलांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही.

"असं होय," साहेब म्हणाले. "येऊ देत मग." आणि ते खुर्ची ओढून बसले.

हे मात्र तेजलच्या गणितात नव्हतं. तिला वाटलं होतं, साहेब मान डोलावतील आणि पाचवीकडे जातील. ते बसून राहिले. पंखा कुरकुरत होता. बाहेर कुठल्याशा गाळ्यातली मशीन धाडधाड चालली होती. पाणी प्यायला किती वेळ लागतो? नळ जिन्याखाली. जायला एक मिनिट, यायला एक, रांग असली तर आणखी दोन. तेजल दाराकडे बघत राहिली. सगळा वर्गच दाराकडे बघत होता, आणि एका वेड्या क्षणी तिला वाटलं, आत्ता चैतन्य ओले हात चड्डीला पुसत आत येईल.

कोणी आलं नाही. साहेबांनी घड्याळही पाहिलं नाही. तेजलचे पाय दुखायला लागले होते. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं.

"साहेब," माधुरी बाई म्हणाल्या. "ती यायची नाहीत."

साहेबांनी मान वर केली.

"दिवाळीपासून आलेली नाहीत दोघं. घर सोडून गेली. हजेरी मी लावतेय. रोज." बाईंनी हजेरीपुस्तक उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. "वर्ग मोडू नये म्हणून. त्याची काय ती शिक्षा मला द्या. पण या पोरीला काही म्हणू नका."

साहेब पानावरच्या त्या दोन ओळींवरून बोट फिरवत गेले. बोट बराच वेळ फिरत होतं.

"हिला तुम्ही सांगितलं होतंत, असं बोलायला?"

"नाही हो!" बाई एकदम म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "शपथेवर सांगते. ही कधी खोटं बोलत नाही, साहेब. वर्गात कोणालाही विचारा. हे मी नाही शिकवलं तिला."

साहेबांनी पुस्तक बाजूला सारलं आणि तेजलकडे पाहिलं. ते रागावलेले दिसत नव्हते. तेजलला त्यातल्या त्यात तेवढाच धीर आला.

"मग कोणी शिकवलं गं?"

बाई रडत होत्या. बाईंना रडताना वर्गाने कधी पाहिलं नव्हतं. पण या प्रश्नाचं उत्तर तेजलला येत होतं आणि ते बाईंच्या बाजूचं होतं. आता आपण नीट सांगितलं तर बाई सुटतील. तिने हात मागे बांधले, मान ताठ केली.

"कोणीच नाही साहेब," ती खणखणीत म्हणाली. "बाईंनी तर अजिबातच नाही. मी रोज बघून बघून शिकले."

साहेबांनी नजर वळवली. तेजल मोठ्या आशेने बाईंकडे वळली. माधुरी बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली होती, आणि त्या हळूहळू खाली बसत होत्या.