आठ सफरचंदं

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात ठासणीच्या बंदुकीचा मोसम नाताळच्या दुसऱ्या दिवशी उघडतो. हार्लन केसलरचा शिरस्ता चाळीस वर्षांचा: मोसमाच्या दोन दिवस आधी शेताच्या टोकाला निशाणाचा कागद लावून तीन बार टाकायचे. तिन्ही गोळ्या कॉफीच्या डब्याच्या झाकणाएवढ्या जागेत बसल्या, तरच हरणामागे जायचं. नाहीतर बंदूक खुंटीला. जनावर अर्धमेलं करून सोडणाऱ्यांची त्याला भारी चीड होती.

यंदा जमेचना. पहिली गोळी मधोमध. दुसरी चार बोटं वर. तिसरी पार उजवीकडे, कागदाच्या काठावर. त्यानं नळी पुसली, दारू थोडी कमी करून ठासली, लगेच पुन्हा तीन बार टाकले. तेच रडगाणं!

"डोळे गेले," तो स्वतःशीच म्हणाला. बायको, अर्मा, मार्चमध्ये वारली, आता डोळे. शिकारही सुटली तर हिवाळ्यात उरलं काय? चार भिंती आणि टीव्ही. त्याला रडूच कोसळलं.

बार ऐकून कुंपणापलीकडचा वेंडेल आला. त्यानं नळीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"अरे म्हाताऱ्या, अंडं तळायचंय का हिच्यावर? असल्या नळीत दारू ओततोस, एक दिवस भुवया जातील!"

"पुसतो की दर वेळी."

"पुसून गार होते होय? हरणावर पडणारा पहिला बार थंड नळीचाच असणार ना? मग तपासायचा तोही थंड नळीनंच. कुठं गाडी पकडायचीय तुला? आधी तर चांगला तासभर लावायचास!"

वेंडेल गेला, हार्लन तसाच उभा राहिला. तास लागायचा, खरंय. पण तो कधी थांबलाच नव्हता, अर्मा थांबवायची. गाडीच्या मागच्या फळीवर बसून ती सफरचंदं सोलायची. एक बार झाला की चार सफरचंदं, ती सोलून होईतो चापाला हात लावायचा नाही. "हरीण काय पळून चाललंय?" म्हणायची. तो नुसता चरफडायचा. बाई उगाच वेळ काढते, असंच त्याला वाटायचं.

घरी जाऊन तो तळघरातली सफरचंदं, परात आणि तिची आखूड सुरी घेऊन आला. तोवर नळी निवली होती. नवा कागद लावून एक बार टाकला, गाडीच्या फळीवर बसला. सालीबरोबर निम्मा गर जात होता. "सोलतोयस की तासतोयस?" ती म्हणाली असती. बोलायला कुणी नाही, वेळ सरता सरेना. हे रिकामं बसणंच तर त्याला नको होतं. म्हणून तर सकाळपासून घाईघाईनं बार टाकत सुटला होता.

चार सफरचंदं, दुसरा बार. आणखी चार, तिसरा.

कागदाजवळ जाऊन त्यानं झाकण धरलं. तिन्ही भोकं आत!

"अर्मा, बसल्या गं!" तो ओरडत वळला. फळीवर परात होती, सफरचंदं काळी पडायला लागली होती.

घरी येऊन त्यानं परात ओट्यावर ठेवली, पिठाचा डबा काढला. दर वर्षी या आठांचा ॲपल पाय व्हायचा. तो कसा करायचा, हे चाळीस वर्षांत त्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं.