गव्हाणीपाशी मामा

आमच्या शाळेत नाताळ नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारीच सुरू होतो. त्या सकाळी मुलं वर्ग झाडतात, कांद्याच्या वाफ्यांतलं तण उपटतात, आणि हातांची माती धुऊन पायपेटीभोवती गोळा होतात. मग मी एकेकाचा आवाज ऐकते. शाळा लहान आहे, एकसष्ट मुलांची. खाली तोबा तळं, वर पाइनचं रान, मधल्या उतारावर आम्ही आणि आमचं देऊळ. देऊळ शाळेहून मोठं आहे.

त्या वर्षी रुगुन सितोम्पुल नववीत होती. नाताळच्या नाटकात ती तीन वर्षं मेंढरू झाली होती, एक वर्ष तारा, दोन वर्षं देवदूत. दुसऱ्या वेळी तिचा एक पंख पेटीत अडकून फाटला, तेव्हा ती तसाच एक पंख घेऊन शेवटपर्यंत गात राहिली. नववीनंतर आमच्याकडे वर्ग नाहीत. जुलैत ती तळ्याकाठच्या गावी मोठ्या शाळेत जाणार होती. म्हणजे मरीया व्हायचं तर याच वर्षी.

तिला मरीया व्हायचं होतं, आणि त्यामागे एक निळं वस्त्र होतं. आमच्याकडे खांद्यावर घ्यायचं हातमागाचं वस्त्र असतं, त्याला ऊलोस म्हणतात. शाळेची मरीया दर वर्षी पांघरते तो ऊलोस रुगुनच्या आत्याने विणलेला. लग्नाआधी, विशी ओलांडता ओलांडता, तिने तो विणून शाळेला दिला. निळ्यात पांढरी बारीक रेघ, पहाटे तळ्यावर दिसते तशी. वर्षभर तो लवंगा घालून कपाटात असतो.

रुगुन मला एकदा म्हणाली होती, "बाई, सूत आमच्या आत्याचं, आणि दर वर्षी खांदे भलतीचेच."

तर त्या शनिवारी मी रुगुनचा आवाज ऐकला, आणि तिच्यामागोमाग सहालाचा. सहाला ताम्पुबोलोन तिच्याच वर्गातला, उंच, शांत. दोन आवाज असे जुळले, की मी पेटीवरचे हात उचलले तरी गाणं चालू राहिलं. मी फळ्यावर लिहिलं, मरीया रुगुन, योसेफ सहाला. मी आवाज ऐकला, कूळ विचारलं नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत आत्या शाळेत आली. तिला सगळे तोगूची आई म्हणतात, तोगू हा तिचा मुलगा, सातवीतला. ती मागावरून थेट उठून आली होती, केसांत सुताचा तुकडा होता.

"बाई, योसेफ कोण?"

"सहाला."

"कुणाचा सहाला?"

"ताम्पुबोलोनांचा."

ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली. "आणि मी माहेरची कोण?"

"सितोम्पुल," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं.

मी बंदराच्या गावात वाढले. तिथे शेजारी दहा जातींचे, आणि कुळांची चौकशी लग्न ठरवतानाच व्हायची. इथे ती दूध घालणाऱ्याशी बोलतानाही होते. सितोम्पुल आणि ताम्पुबोलोन ही कुळं दोन, पण कधीकाळी त्यांच्या मूळपुरुषांनी शपथ घेतली, की आपली पोरं एकमेकांची भावंडं. तेव्हापासून या दोन घरांत सोयरीक नाही. सितोम्पुलांची मुलगी ताम्पुबोलोनांच्या मुलाला 'ईतो' म्हणते. बहीण भावाला म्हणते तो शब्द, आणि भाऊ बहिणीलाही तोच.

तरीही एक वेळ चाललं असतं. पण आमच्या नाटकाला एक शेवट आहे, माझ्या आधीपासूनचा. शेवटच्या गाण्याला तोगूची आई वर येते आणि मरीयेचा तोच निळा ऊलोस पसरून मरीया-योसेफ दोघांच्या खांद्यांवर मिळून टाकते. आमच्याकडे लग्नात नवरा-नवरीला असंच एका वस्त्रात घेतात.

"खोटंखोटंच ना?" मी म्हटलं.

"सूत खरं आहे," ती म्हणाली. "माझ्या हाताने भावा-बहिणीवर एक वस्त्र पडायचं नाही."

देवळाचे पाळक हुतागालुंग वयाने तरुण, आणि त्यांना भांडणं लवकर मिटलेली आवडतात. त्यांनी संध्याकाळी आम्हा दोघींना बोलावून चहा दिला.

"अहो तोगूच्या आई, नाटक आहे हे. तारा पुठ्ठ्याचा, दाढी कापसाची."

"दाढी कापसाची असू दे, पाळकसाहेब. मी विणलेलं वस्त्र नाटक नाही."

"मग योसेफ बदलू."

योसेफ बदलणं सोपं नव्हतं. आठवी-नववीत मिळून मुलगे पाच. एक सहाला. दोघे रुगुनच्याच कुळाचे, ते तर सख्ख्यासारखेच. चौथा ताम्पुबोलोनच, सहालाचा चुलतभाऊ. पाचव्याचा आवाज त्याच महिन्यात फुटला होता, आणि तो बोलला की पहिलीची पोरं हसत होती.

बातमी कॉफीच्या टपरीवर पोचायला एक रात्र पुरली. तिथे तिला दुसरंच तोंड फुटलं. "कळलं का? तोगूच्या आईला आपला तोगू योसेफ करायचाय."

त्या म्हणण्यात तथ्य नव्हतं, पण हिशेब होता. आत्याचा मुलगा आणि मामाची मुलगी ही आमच्याकडे सगळ्यांत चांगली जोडी. पाळण्यातल्या पोरांना यावरून चिडवतात. पण तोगू रुगुनहून वीतभर बुटका होता, आणि नाटकात चार वर्षं गाढवाचे मागचे पाय होता.

दुसऱ्या दिवशी रुगुन वर्गात शिरली तर मागच्या बाकावरून आवाज आला, "तोगूच्या आईची सून आली, उठा!"

तिने दप्तर ठेवलं आणि माझ्याकडे आली. "बाई, सहालासोबत एका ऊलोसात उभी राहिले तर पाप. तोगूसोबत उभी राहिले तर घरी पोचेपर्यंत साखरपुडा झालेला असेल."

तोगू दारातून म्हणाला, "मला नकोच आहे. ती मारते."

"कधी मारलं रे?"

"गाढवाच्या वेळी. दर वर्षी."

बुधवारी पाळकांनी मला बाजूला घेतलं. "सोप्पं आहे, बाई. मरीयाच बदला. मुली अकरा आहेत, त्यांतल्या सात जणी कुठल्याही योसेफाला चालतील." ते वाईट मनाने बोलले नव्हते. त्यांनी मोजलंही बरोबर होतं. खिडकीखाली कांद्याच्या वाफ्यात रुगुन होती, आणि तिने ते ऐकलं.

मी बाहेर आले तेव्हा ती तण काढत होती. तणाबरोबर कांद्याची रोपंही उपटली जात होती. मी म्हटलं, "कांदे राहू देत गं." तिने उपटलेली रोपं एकेक करून पुन्हा मातीत खोचली, आणि त्यात पुष्कळ वेळ घालवला. ती रडली नाही. मी उभी राहिले, मलाही दुसरं काम नव्हतं.

शनिवारच्या तालमीला ती सगळ्यांच्या आधी आली. सहाला बाकं लावत होता.

"बाई, शास्त्रात योसेफ काय काय बोलतो?"

मी आठवून पाहिलं. "काहीच नाही. एक शब्दही नाही."

"आणि ते दोघं बेथलेहेमला कशाला गेले?"

"नावं नोंदवायला. बादशहाचा हुकूम होता."

"सगळ्या मुलखाची माणसं एकाच दिवशी?"

"एकाच दिवशी नसतील, पण गर्दी होतीच. उतरायला जागा मिळाली नाही."

"मग बाळ झालं तेव्हा योसेफ रांगेत असेल," रुगुन म्हणाली. "माझे बाबा ओळखपत्रासाठी तालुक्याला गेले होते, ते दोन दिवस रांगेत होते."

तिने सहालाकडे पाहिलं.

"हा माझा ईतो. मग माझ्या बाळाचा हा कोण?"

सहालाने हातातलं बाक खाली ठेवलं. "मामा," तो म्हणाला.

"आणि बाळाची झोळी कोण आणतं?"

हे आमच्या शिशुवर्गालाही ठाऊक असतं. बाळ झालं की आईच्या माहेरून ऊलोस येतो, बाळाला पाठीशी बांधायला. आजोबा आणतात, आजोबा नसले तर मामा आणतो. बाळाच्या अंगावर पहिलं वस्त्र माहेरचं पडतं.

त्या संध्याकाळी पाळकांकडे पुन्हा चहा झाला. ह्या वेळी रुगुन आणि सहालाही होते, आणि तोगू, कारण बिस्किटं होती.

पाळकांनी सगळं ऐकून घेतलं. "पण मुली, मामा कुठल्या शुभवर्तमानात आहे?"

रुगुनने माझ्याकडे पाहिलं, मी कपाकडे.

तोगूची आई म्हणाली, "मरीयेला भाऊ नव्हता, असं कुठल्या शुभवर्तमानात आहे?"

धर्मशिक्षणाच्या सेमिनरीत पाळकांना हा प्रश्न कुणी घातला नसावा.

"आणि एक सांगून ठेवते," ती पुढे म्हणाली, "टपरीवर ज्यांना सांगायचं त्यांना सांगा. माझा तोगू गाढव होता, गाढवच राहील."

"पुढचे पाय तरी दे, आई," तोगू म्हणाला.

"पुढचे पाय बाईंना विचार."

मी दिले. पाळकांनी चहा संपवला, कप उपडा ठेवला आणि म्हणाले, "मामा मेंढपाळांनंतर येऊ दे. राजांच्या आधी. राजे परके, त्यांच्या आधी घरचा माणूस यायला हवा."

मामाच्या तोंडी काहीतरी हवं होतं. आमच्याकडे वस्त्र देताना मुकाट्याने देत नाहीत, चार ओळी म्हणाव्या लागतात. मी त्या रात्री बसून लिहिल्या आणि सहालाला पाठ करायला दिल्या. त्याने त्या बाकं लावताना, पाणी भरताना, कांद्याला माती लावताना म्हटल्या. डिसेंबर उजाडेपर्यंत त्या साऱ्या शाळेला पाठ होत्या.

नाटक तिसऱ्या शनिवारी, दुपारी दोनला झालं. बायांनी सकाळपासून पिवळ्या मसाल्यातले मासे शिजवले होते, केळीच्या पानात गुळखोबऱ्याचे उंडे उकडले होते. देवळात वास प्रार्थनेच्या आधीच शिरला. बाप लोक मागे उभे. लहान मुलं एकेक वचन म्हणून उतरली, दोघं विसरली, एकजण रडला, रीतीप्रमाणे. गाढव आलं. त्याचे पुढचे पाय फार ऐटीत चालत होते, मागच्यांना ते जमत नव्हतं.

मग निवेदन करणारी मुलगी म्हणाली, "योसेफ नाव नोंदवायला गेला आहे. रांग मोठी आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब जेवायला गेला असेल!" दुसरा म्हणाला, "झेरॉक्स विसरला असेल, परत पाठवला!" सगळं देऊळ हसलं. रुगुन हसली नाही. ती गव्हाणीपाशी गुडघ्यांवर बसली होती, साध्या पांढऱ्या कपड्यात. तिच्या खांद्यांवर काही नव्हतं. तिथे काही नसलेली मरीया आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

मेंढपाळ येऊन गेले. तोगूची आई पहिल्या बाकावरून उठली. निळा ऊलोस तिने सहालाच्या दोन्ही हातांवर ठेवला, घडी एकदा नीट केली, आणि परत जाऊन बसली. ती वर चढली नाही. वर जायचं काम आता मामाचं होतं.

सहाला चालत गेला, गव्हाणीसमोर उभा राहिला, आणि ओळी विसरला.

देऊळ थांबलं. पहिलीतली एक मुलगी ओठांनी ओळी सांगत होती, पण तो तिकडे पाहत नव्हता. मी पेटीवर सूर धरून ठेवला, पाय मारत राहिले.

तेव्हा रुगुन म्हणाली, "ईतो, बाळाला थंडी वाजतेय."

हे नाटकात नव्हतं. मरीयेच्या आवाजात नव्हतं, घरातल्या आवाजात होतं. घरी भाऊ दारात ताटकळला की बहीण बोलते तसं. पहिल्या बाकावर तोगूच्या आईने पदर तोंडाशी नेला. तिच्या शेजारी सहालाची आजी बसली होती. ती अगदी मोठ्याने "हो" म्हणाली, जणू तिलाच विचारलं होतं.

सहालाला ओळी आठवल्या.

तळ्याच्या काठाला
बांबूची ही दाटी,
भाच्याच्या या पाठी
मामा उभा.

त्याने ऊलोस बाळावर घातला. बाळ म्हणजे शाळेची जुनी कापडी बाहुली, एक डोळा बटणाचा. रुगुनने तिला वस्त्रासकट उचललं, पाठीवर घेतलं, दोन टोकं खांद्यावरून पुढे आणली आणि छातीशी गाठ मारली. आमच्या बाया शेतात जाताना मारतात तीच गाठ. निळं सूत आता तिच्या खांद्यांवर होतं, आणि ती उभी राहून गायली. सहाला तिच्या मागे, एक पाऊल सोडून, मामा उभा राहतो तसा. दोन आवाज होते. मी मधेच पेटी थांबवली, तिची आता गरज नव्हती.

जेवणं झाली, पानं उचलली, बाकं परत लागली. मी कपाट उघडून लवंगांची पुडी काढली. रुगुनने बाहुली झोळीसकट सोडवून माझ्या हातात दिली. मी वस्त्र वेगळं करायला गाठीत बोट घातलं, दर वर्षीसारखं घडी करून ठेवायला.

"बाई," तोगूची आई म्हणाली, "मामाने दिलेली झोळी परत घेत नाहीत."

"मग पुढच्या वर्षीची मरीया काय पांघरेल?"

तिने ऊलोसाच्या काठावर एका ठिकाणी बोट ठेवलं, तिथे पांढरी रेघ किंचित वाकडी गेली होती. विशीत विणताना कुठेतरी लक्ष गेलं असणार.

"निळं सूत संपलंय," ती म्हणाली. "सोमवारच्या बाजारात बघते."

रुगुन जुलैत गेली. बाहुली कपाटात आहे, मधल्या फळीवर, लवंगांमध्ये, झोळीत बांधलेली. गाठ रुगुनची आहे, घट्ट आहे. कपाट पुसायला काढते तेव्हा मी बाहुली झोळीसकट उचलते, खालची धूळ पुसते, आणि तशीच परत ठेवते.