काचेवरचं डाळिंब

आमच्या आत्याच्या कारखान्यात काचेवर रंगकाम चाले. कारखाना कसला, दोन खोल्या आणि मागे विटांची भट्टी. काचेचीच पूड करून बनवलेले रंग तेलात घोटायचे, बशीवर नाहीतर दिव्याच्या हंडीवर चितारायचे आणि भट्टीत घालायचे. आत काच आणि रंग एकजीव होत. मग घासा, धुवा, नखाने खरवडा, जन्मभर जायचा नाही. त्या तेलाचा लवंगेसारखा वास अजूनही कधीतरी नाकाशी येतो आणि वाटतं, काय दिवस होते! खरं तर दिवस वाईट होते. पण माझे होते.

आई गेल्यावर वडिलांनी दुसरं लग्न केलं. सावत्र आईने मला सतराव्या वर्षी आत्याकडे धाडलं आणि दोन वर्षांनी धाकट्या बहिणीलाही. आत्याला तेव्हा मोतीबिंदू झाला होता. धाकटी आली त्याच दिवशी आत्याने आम्हा दोघींना समोर उभं केलं.

"खिडकीजवळच्या माझ्या टेबलाला एकच भाची पुरे. दुसरी परत जाईल. मी काही अनाथाश्रम काढलेला नाही."

परत म्हणजे कुठे, हे दोघींना ठाऊक होतं. धाकटीच्या पोटरीवर तापलेल्या उलथन्याचा डाग होता.

माझा हात बरा होता. धाकटीचा देवाने दिलेला. ओल्या निळ्या रंगावर स्पंजाने नुसतं थोपटून ती असं धुकं उठवी की बशी हाताला गार लागेल असं वाटे. सुकलेल्या हिरव्यातून सुईने पानांच्या शिरा खरवडताना तिची जीभ बाहेर येई. भट्टी सांभाळणारे भट्टीकाका मला म्हणत, "थोरले, चार महिन्यांत पोरीने तुझी दोन वर्षं खाल्ली की गं!" मी हसे. मिरच्या झोंबायच्या त्या झोंबतच.

आत्याकडे कुणाला काही शिकवायची रीत नव्हती. बघून शिकायचं. फक्त परीक्षेची बशी रंगवताना एक प्रश्न विचारायची मुभा असे. एकच, आणि एकाच माणसाला. ज्याला विचारलं त्याने उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी ब्र काढायचा नाही. माझ्या वेळी मी आत्यालाच विचारलं होतं. तिने करवादून का होईना, खरं ते सांगितलं होतं.

धाकटीच्या परीक्षेला आत्याने फुटलेलं डाळिंब दिलं. ते साधलं तर टेबल तिचं आणि परत जायचं मी. लाल रंग एरवी कुलपात असे, लाल कामं वर्षातून एकदोनदाच येत. तो मोठा नाजूक. बाकीच्या रंगांची आच त्याला सोसत नाही. म्हणून आधी उरलेलं चित्र भाजायचं, बशी निवली की लाल भरायचा आणि मंद आचेवर पुन्हा भाजायची. नुसती पूड बघून हे कुणाला कळणार?

धाकटीने साल, देठ, पानं रंगवली. लालाची बाटली उघडली आणि थबकली. आत्या तीन हातांवर बसली होती. भट्टीकाका दारात भट्टीची जाळी झाडत होते. धाकटी माझ्याकडे वळली.

"ताई, माझा प्रश्न तुला. लाल ह्यांच्याबरोबरच भाजायचा, की मागाहून वेगळा?"

"अगं, आत्या समोर बसल्यात ना!" भट्टीकाका बोलून गेले.

"आत्या ओरडते. आणि ताई कशाला आहे मग?"

मी कुंचला टर्पेंटाइनमध्ये बुडवला, पुसला, परत बुडवला.

"बरोबरच," मी म्हटलं. "जाऊ दे एकदम."

भट्टीकाका मान खाली घालून पुन्हा जाळी झाडू लागले. आत्याने ते दुधाळ डोळे माझ्या दिशेने वळवले, थोडा वेळ तसेच ठेवले आणि मग ती चष्मा पुसत बसली.

तिसऱ्या दिवशी भट्टी उघडली. पानं अशी निघाली होती की मला आजही तशी जमलेली नाहीत. डाळिंबाचे दाणे मात्र काळपट, फोडफोड आलेले. धाकटीने बशी पोटाशी धरली. आत्याने ती ओढून घेतली, बोटांनी चाचपली.

"काय गं हे? डाळिंब की खरूज?"

भट्टीकाका हसले. मीही हसले.

"मी ताईला विचारलं होतं..."

"ताईने बरोबरच सांगितलं. तूच लेप जाड दिलास. हाताला अंदाज नाही, दुसरं काय! पेटी भर."

ती आत गेल्यावर आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली, "हात तिचाच सरस. पण असा आंधळा विश्वास टाकणारी इथे टिकायची नाही. तू टिकशील."

मला लाज वाटली असं आता लिहिता येईल. तेव्हा मला फक्त हायसं वाटलं.

दुपारी धाकटी पत्र्याची पेटी घेऊन दारात उभी राहिली. नखांत अजून हिरवा रंग होता. डोळे कोरडे होते.

"ताई, खरं सांग. माझ्या हातातच नाही ना गं ते?"

अजूनही वेळ गेली नव्हती. एक वाक्य पुरलं असतं.

"नसतं सगळ्यांच्या," मी म्हटलं.

तिने मान डोलावली.

"बरं झालं तूच सांगितलंस. दुसऱ्या कुणाचं मी मानलं नसतं."

आणि पेटी डोक्यावर घेऊन ती निघाली.