नळीकाका

"काका, नळी गरम आहे ना?" मॅडमनी जाता जाता विचारलं.

"आहे, आहे," नळीकाका किटलीत पाणी ओतत म्हणाले.

हात लावून बघितलं नव्हतं. आख्खी नोकरी त्या नळीला उपडा हात लावल्याशिवाय 'आहे' न म्हणणारा माणूस आज पाहुण्यांच्या चहात गुंतला होता. शिवाय बाप कामावर नेमकं करतो काय, हे बघायला आज मुलगी आली होती. लहानपणी तिला ताप आला की काका तसाच उपडा हात तिच्या कपाळाला लावायचे. बायको म्हणायची, "अहो, पोरगी आहे ती, नळी नाही."

प्रयोगाच्या शेडमध्ये जहाजाचं जुनं इंजिन धडधडत होतं. त्याचा धूर मॅडमनी बनवलेल्या उंच टाकीत पाण्याने धुतला जायचा आणि त्यात गंधकाचा वायू किती उरला, ते पलीकडचं यंत्र सांगायचं. टाकीपासून यंत्रापर्यंत धूर नेणारी नळी काकांच्या ताब्यात. जहाज कंपनीचे साहेब आज आकडा बघूनच टाकी घ्यायची की नाही ते ठरवणार होते.

आकडा घसरत घसरत चारवर आला. एरवी चाळिसाखाली उतरताना तो सगळ्यांच्या नाकी नऊ आणायचा.

टाळ्या पडल्या. मॅडमचे डोळे भरून आले. "यात काकांचा मोठा वाटा आहे," त्या साहेबांना म्हणाल्या. मुलगी काकांच्या कानाशी पुटपुटली, "घरी कधी बोलला नाहीत, बाबा."

काका सुखावून चहा ओतायला वळले, तर किटलीची वायर दिसली. ती नळीच्या हीटरच्या जागी खोचलेली होती आणि हीटरचा प्लग खाली लोंबत होता. पाणी उकळेपर्यंत म्हणून त्यांनीच तो काढला होता.

नळी थंड पडली की धुरातल्या वाफेचं आतच पाणी होतं आणि गंधकाचा वायू त्या पाण्यात विरघळून बसतो. यंत्रापर्यंत पोचतो तो अगदी गुणी, सोज्वळ धूर. नव्या पोरांना हे काकाच शिकवायचे.

तरी ते गप्प बसले. सगळ्यांना चहा दिला. साहेब म्हणाले, "चला, पुढच्या महिन्यात दोन जहाजांना बसवून टाकू," आणि त्यांनी काकांपुढेही हात केला. काकांनी तो हातात घेतला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मॅडम," ते म्हणाले, "नळी थंड आहे. प्लग मी काढला. चहासाठी."

साहेबांना काही उमगलं नाही. मॅडमना उमगलं. त्यांनी वाकून स्वतः प्लग लावला आणि सगळे आकड्याकडे बघत उभे राहिले. नळी तापत गेली तसा आकडा चढला, चाळीस ओलांडून गेला. साहेबांनी अर्धा कप टेबलावर ठेवला.

"चूक माझी आहे," मॅडम साहेबांना म्हणाल्या. "नुसतं विचारून मी पुढे गेले. हात लावून बघायला हवं होतं."

त्या ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्यांनी मान खाली घातली ती वर उचलवेना. "कळवतो," म्हणून साहेब निघाले आणि मॅडम त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेल्या.

काका कप गोळा करायला लागले. मुलगी मदतीला आली.

"बाबा, तुम्हाला आधीच कळलं होतं ना? चहा देत होतात तेव्हा?"

खोटं बोलायला जागा होती. ती कुठे जाणकार होती?

"हो," काका म्हणाले.

तिने कप धुऊन पालथे घातले, ओले हात ओढणीला पुसले. मग नळीपाशी गेली आणि तिने उपडा हात नळीवर ठेवला, बराच वेळ.

"आता आहे गरम," ती म्हणाली.