आंजिलीचं ओझं पेललेली कप्पी

मित्रांनो, मला उचलायला दोन माणसं लागतात. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे कप्पी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काहीतरी चिमुकलं येणार नाही. मी जुनी आहे, लाकडाची आहे आणि केरळातल्या बेपूर बंदराच्या खलाशांची आहे. आमच्याकडे खलाशी म्हणजे नुसता जहाजावरचा माणूस नव्हे. दोर, कप्पी आणि स्वतःचे खांदे एवढ्यावर जो डोंगराएवढी वस्तू जागची हलवतो, तो खलाशी. अशा माणसांच्या हातात माझं आयुष्य गेलं, याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

मला घडवलं केळू आशारी नावाच्या सुताराने. इरूळ नावाचं लाकूड असतं, पाण्यात टाकलं तर दगडासारखं तळाला जाणारं. त्या लाकडाचे दोन जाड गाल त्याने तासले, त्यांच्यामध्ये पितळेचं चाक बसवलं, आणि मग मासळीचं तेल मला असं पाजलं की बायको त्याला घरात घेईना. "त्या कप्पीशीच संसार कर," ती अंगणातून ओरडायची. तो हसायचा आणि आणखी एक हात तेल चोपडायचा. अजूनही ऊन तापलं की माझ्या अंगाला तो वास सुटतो. मला तो अत्तरासारखा वाटतो.

सुरुवातीची वर्षं मी किनाऱ्यावर काढली. लाकडी जहाजं बांधून झाली की आम्ही ती ओढत ओढत नदीच्या मुखाशी पाण्यात सोडायचो. पुढे जहाजांची कामं कमी झाली. आमचे मूप्पन, म्हणजे टोळीचे म्होरके, बीरानिक्का. इक्का म्हणजे दादा. त्यांनी एके सकाळी मला हातगाडीवर घातलं आणि समुद्राकडे पाठ करून गाडी वर डोंगराच्या दिशेने वळवली. खरं सांगते, तेव्हा मला रडू आलं. जहाजं ओढणारी मी, आता झाडं उतरवायची?

पण मित्रांनो, झाड उतरवणं म्हणजे काय ते मला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

आजोबांनी लावलेलं झाड असतं. नातवंडांनी त्याच झाडाखाली घर बांधलेलं असतं. शेजारच्याचं घर हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर असतं. झाड वाढतं, पसरतं, आणि एके दिवशी घरापेक्षा मोठं होऊन घरावर वाकतं. ते मुळापासून तोडून पाडायला जागाच नसते. मग शेंड्यापासून सुरुवात करावी लागते. झाडावर उंच, भक्कम बेचक्यात मला बांधतात. माझ्या चाकावरून दोर जातो. दोराचं एक टोक फांदीला, दुसरं खाली बुंध्याला वेढे देऊन माणसांच्या हातात. फांदी कापली की ती पडत नाही, माझ्यावर लटकते, आणि हळूहळू खाली येते, झोपलेलं मूल खांद्यावरून गादीवर ठेवावं तशी. फांदी एका बाजूने ओढते, माणसं दुसऱ्या बाजूने, आणि दोन्ही ओढी माझ्या एकटीच्या अंगावर. जहाज ओढताना निदान पायाखाली जमीन असायची. इथे आभाळात टांगून घ्यायचं आणि खाली कुणाचं तरी स्वयंपाकघर बघायचं.

या कामाचा एक नियम होता. ओढताना आरोळी, उतरवताना शांतता. बीरानिक्का आरोळी द्यायचे आणि टोळी ऐलसा म्हणत दोर खेचायची.

"डोंगर आला चालत चालत!"

"ऐलसा!"

"बायको बसली भांडत भांडत!"

"ऐलसा!"

त्यांच्या हातांना लहानपणापासून एकच शिकवण होती. ऐलसा ऐकू आलं की खेचायचं. डोकं विचार करायच्या आधी हात खेचून मोकळे व्हायचे. म्हणूनच करवत चालू झाली की बीरानिक्का तोंड बंद करत आणि पुढचं सगळं हाताच्या खुणेने चाले. वरची फांदी जमिनीला टेकेपर्यंत कुणी खोकायचंही नाही.

किती घरांवरून किती फांद्या उतरवल्या, त्याचा हिशेब मी ठेवला नाही. पण जानकीअम्माच्या घराचं काम मी विसरणार नाही.

जानकीअम्माने उभं आयुष्य दुसऱ्यांच्या घरांचे जांभ्याचे चिरे डोक्यावरून वाहिले होते. भिंती उभ्या राहायच्या आणि ती पुढच्या गावाला निघायची. म्हातारपणाच्या उंबरठ्यावर तिने स्वतःचं घर बांधलं. दोन खोल्या, पुढे ओटी, वर मंगळुरी कौलं. त्या घराच्या मागे एक प्रचंड आंजिली होती, रानफणसाच्या जातीची. तिच्या मुळांनी घराचं जोतं उचलायला सुरुवात केली होती. त्याहून वाईट म्हणजे तिची एक फांदी, फांदी कसली, दुसरं झाडच, कौलांवर आडवी पसरली होती आणि मागच्या वादळात तिच्या काखेत भेग पडली होती.

"मी जेसीबीवाल्याला विचारलं," जानकीअम्मा बीरानिक्कांना म्हणाली. "तो म्हणतो, झाड पडेल, पण कुठे पडेल ते देवाला विचारा."

"देवाला दुसरी कामं आहेत," बीरानिक्का म्हणाले. "आम्ही विचारू झाडालाच."

विचारलंही. आदल्या संध्याकाळी आमचा झाडावर चढणारा वेलायुधन बुंध्याजवळ गेला. कुऱ्हाडीची पाठ त्याने खोडाला टेकवली आणि वर बघून म्हणाला, "पाखरांनो, किड्यामुंग्यांनो, आणखी कुणी राहत असाल त्यांनो, उद्या आम्ही येतोय. दुसरीकडे जागा बघा. रागवू नका." बीरानिक्का थोडे बाजूला, टोपी सारखी करून उभे होते. त्यांची प्रार्थना वेगळी, वेळ तीच.

सकाळी त्यांनी घरातल्या सगळ्यांना बाहेर काढलं. जानकीअम्मा दारातच अडून बसली.

"चल एच्ची, ऊठ," बीरानिक्का म्हणाले. एच्ची म्हणजे ताई.

"मला बाहेर काढाल. माझ्या घराला कसं काढाल?"

"ते आमच्यावर सोड."

"तुमच्यावरच सोडलंय म्हणून तर भीती वाटते," ती म्हणाली आणि उठली. जाताना तिने दाराच्या चौकटीवरून हात फिरवला. ते मी वरून, बेचक्यातून बघितलं.

छोट्या फांद्या बिनबोभाट उतरल्या. मग भेगेच्या फांदीची पाळी आली. मोठा दोर तिच्या मध्याच्या जरा अलीकडे बांधला आणि माझ्यावरून खाली नेला. दुसरा, बारीक दोर तिच्या शेंड्याला. त्यावर चौघे उभे राहिले, फांदी सुटली की तिला घरापासून अलगद बाजूला वळवायला. बीरानिक्कांनी आरोळी दिली, ऐलसा झालं, मोठा दोर ताणला गेला, आणि फांदीचं वजन माझ्या अंगावर यायला लागलं. मग त्यांनी हात वर केला. सगळे गप्प. वेलायुधनची करवत चालू झाली.

आता आमच्या गावात झाड उतरवणं म्हणजे जत्रा. सकाळी बीरानिक्कांनी जमलेल्यांना बजावलं होतं, करवत चालू झाली की तोंडं बंद. पण तोवर गर्दी दुप्पट झाली होती, आणि उशिरा आलेल्यांत होते राघवन. बसवर कंडक्टर म्हणून त्यांनी जन्म काढला, त्यामुळे आवाज असा की नदीपलीकडची माणसं उतरायला उठतील. खलाशी दोर धरून उभे आहेत आणि कुणी आरोळी देत नाही, हे त्यांना बघवेना. बिचाऱ्यांना वाटलं, पोरं दमली. मनापासून, डोळे मिटून, त्यांनी सूर लावला.

"आंजिलीबाई चालली सासरी!"

आणि सगळी गर्दी गरजली, "ऐलसा!"

शेंड्याच्या दोरावरच्या चौघांच्या हातांनी खेचलं.

करवत निम्म्यावर होती. भेग उघडी होती. फांदी कापायच्या आधीच फाटली. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही, मित्रांनो. सगळं ओझं एका हिसक्यात माझ्यावर आलं. माझ्या डाव्या गालात काहीतरी तडकलं. फांदी सुटून कौलांवर झोका घेऊ लागली. एका डहाळीने ओटीची दोन कौलं उडवली. वेलायुधन खोडाला मिठी मारून डोळे मिटून बसला. त्याच्या कमरेचा दोर पक्का होता, म्हणून तो बसला तरी.

खाली चौघांनी घाबरून पुन्हा दोर आवळायला घेतला, फांदी लवकर बाजूला घ्यावी म्हणून. त्या क्षणी खेचलं असतं तर झोका वाढला असता आणि बुडखा थेट भिंतीत गेला असता. मूप्पन ओरडणार कसे? त्यांच्या तोंडून काहीही निघालं असतं तरी ते हात खेचूनच मोकळे झाले असते.

बीरानिक्का ओरडले नाहीत. ते चालत गेले, धावलेही नाहीत, आणि त्यांनी आपला उघडा तळहात त्या चौघांच्या दोरावर ठेवला. नुसता ठेवला. तसाच दुसरा हात मोठ्या दोरावर. चार जोड्या हात सैल पडले. आणि तो स्पर्श दोरावरून चढत माझ्यापर्यंत आला. त्यात घाई नव्हती. मला कळलं, आता फक्त धरायचं आहे.

मी धरलं. तडकलेल्या गालाने धरलं. फांदी एकदा गेली, एकदा आली, मग कमी, मग आणखी कमी, आणि थांबली. मग बीरानिक्कांनी तळहात उचलून दोन बोटं हलवली. बुंध्याचे वेढे ढिले झाले. माझं चाक फिरू लागलं. एवढ्या गर्दीत फक्त माझ्या चाकाची कुरकुर ऐकू येत होती. शेंडा बाजूला वळला, बुडखा भिंतीला न शिवता खाली आला, आणि फांदी परसातल्या केळींच्या मधल्या मोकळ्या जागेत आडवी झाली.

पहिली बोलली ती जानकीअम्मा.

"राघवेट्टा," म्हणजे राघवनदादा, ती म्हणाली, "बसची घंटा तुमच्या हातात होती तेव्हा माणसं वाचली तरी कशी?"

सगळे हसले. राघवन हसले नाहीत. ते घरी जाऊन शिडी आणि दोन कौलं घेऊन आले, आणि खलाशी त्यांना वर चढू देईपर्यंत ओटीपाशी उभे राहिले.

दुपारी मला खाली उतरवलं. बीरानिक्कांनी माझ्या गालावरून नख फिरवलं. नख एका जागी अडकलं.

"केसाएवढी चीर आहे, इक्का," वेलायुधन म्हणाला. "लोखंडाची पट्टी मारू. अजून दहा वर्षं ओढेल."

"ओढेल."

"मग?"

"आज हिने हिसका खाल्ला. आतून किती तुटलीय, ते हिलाही सांगता येणार नाही. पुढच्या वेळी हिच्याखाली पुन्हा कुणाचं तरी घर असणार." त्यांनी माझ्यावरची धूळ आपल्या लुंगीने पुसली. "हिला हे काम सांगायचं नाही आता."

मला तेव्हा अपमान वाटला. ज्या दिवशी मी सगळ्यात मोठं ओझं पेललं, त्याच दिवशी मला कामावरून काढलं! बाकीचं झाड दुसऱ्या कप्पीने उतरवलं. मी अंगणात आडवी पडून तिची कुरकुर ऐकत होते. मग जानकीअम्मा येऊन म्हणाली, "ही मला द्या. माझी विहीर नवीन आहे, अजून कप्पी बसवायचीय."

"बादलीसाठी एवढी? हत्तीकडून लिंबू उचलून घेण्यासारखं झालं," बीरानिक्का म्हणाले.

"हत्ती म्हातारा झालाय ना? मग लिंबूच उचलू दे."

तेव्हापासून मी तिच्या विहिरीवर आहे. माझ्या रुंद खाचेतून तिचा बारीक दोर इकडेतिकडे घसरतो आणि ती माझ्यावर चिडते. पण दर आठवड्याला खोबरेल तेलाचे थेंब माझ्या चाकात सोडते.

मागच्या ओणमला आळीतली पोरं झोपाळ्याचा दोर घेऊन आली. त्यांच्यातल्या थोरल्या मुलीने माझ्याकडे बोट दाखवलं. "अम्मा, ही द्या ना! हिने आख्खी आंजिली पेलली म्हणे. आमचं काय वजन?"

माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! मुलांचा झोका! याहून मोठा मान कुठला?

जानकीअम्माने बादली खाली ठेवली. त्या मुलीचं बोट धरून तिने माझ्या गालावरच्या चिरेवरून फिरवलं.

"लागलं हाताला?"

"हो."

"हिने माझं घर राखलं. पण तुला राखायला मी हिला सांगणार नाही. तो फणस बघ, जिवंत, जाड. त्याला बांधा. आणि बसायच्या आधी दोर सगळा हाताखालून काढा. मग मी येऊन लटकून बघते."

"तुम्ही लटकणार?"

"मी चिरे वाहिलेत पोरी, तुमच्यासारख्या चार जणी मिळून माझ्याएवढ्या होणार नाहीत."

ती खरंच लटकली. पोरं हसून हसून लोळली. मग झोका चढला, आणि मी विहिरीवरून बघत राहिले. मनात खंत होती का? होती, जराशी. पण झोका प्रत्येक वेळी परत येत होता आणि प्रत्येक पोर उतरून दोन पायांवर धावत होतं. ते बघताना मला बीरानिक्कांचं बोलणं पहिल्यांदा नीट कळलं. पेलता येतं तोवर पेललं, याचा अभिमान मला होताच. वेळेवर थांबवण्याइतकी मला कुणी जपलं, याचा आज त्याहून जास्त आहे.

म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. तुमच्या डोक्यावर जे जे टांगलेलं असतं, झोका असो, पाळणा असो, पंखा असो, त्याच्या दोराकडे, कडीकडे अधूनमधून बघा. बोट फिरवा. बोट अडकलं तर त्या वस्तूवर रागावू नका, तिला फेकूही नका. तिला थोडं तेल द्या, हलकं काम द्या, आणि जड काम दुसरीला सांगा.