अर्धा हिरवा, अर्धा निळा

"खा पोरी, खा. आधी जीव, मग बाकीचं."

हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला. कुठल्याशा दूरच्या गावाहून मदतीला आलेल्या एका नर्सबाईचा तो होता, एवढंच मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, पत्र्याचं एक असतं. त्याच्यात शिरलेला आवाज लवकर बाहेर पडत नाही.

मी एक जुना तेलाचा डबा आहे. चौकोनी, वरचं तोंड कापलेला, आडवी लाकडी दांडी ठोकलेला. जन्म लातूरच्या तेलाच्या गिरणीतला. अंगावर पिवळंधमक सूर्यफूल होतं तेव्हा. त्याच दिवसांत किल्लारीकडं धरणी हलली, दगडामातीची घरं बसली, आणि तेलाने भरलेला मी मदतीच्या ट्रकमधून औशाच्या पुढच्या एका छावणीत उतरलो. तेल संपलं. कुणीतरी माझं तोंड कापलं आणि मला तीन दगडांवर चढवलं. भांडी कुणाकडे राहिली होती तिथं? माझ्यात चहा झाला, पेज झाली, आणि आजारी लेकरांसाठी अंडीही उकडली.

त्या लेकरांत एक काटकुळी मुलगी होती, मल्लम्मा. लिंगायत घरातली, गळ्यात लिंग, अंगात ताप. तिच्या घरात अंड्याचं नावसुद्धा कुणी घेत नसे. नर्सबाईंनी अंडं सोलून तिच्या हातावर ठेवलं आणि ते शब्द बोलल्या. मल्लम्माने डोळे गच्च मिटले आणि खाल्लं. दुसऱ्या दिवशीही खाल्लं. त्या दिवशी डोळे उघडे होते. तिसऱ्या दिवशी तिनं मीठ मागितलं.

छावणी उठली तेव्हा तिनंच मला घरी नेलं. पुढे ती मोठी झाली. लग्न होऊन लातूरला निघाली, तेव्हा माझ्यात कुरडया भरून मला सोबत घेऊन आली. तिचे यजमान महादेवप्पा. गंजगोलाईच्या बाजाराजवळ किराणा दुकान, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. कुरडया संपल्यावर त्यांनी मला उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, बेलाला पाणी घालायला चांगला हाय.

घ्या. ज्याच्या पोटात अंडी उकडली, तो आता महादेवाच्या झाडाला पाणी घालू लागला. मी गप्प, मल्लम्मा गप्प. बेल मात्र झकास वाढत होता.

दिवस गेले. लातूरभर शिकवण्यांच्या पाट्या लागल्या. चाकूर, जळकोट, नांदेड, कुठून कुठून लेकरं डॉक्टर व्हायला येऊ लागली. महादेवप्पांनीही वरती खोल्या बांधून मुली ठेवल्या. मल्लम्मा त्यांना जेवू घालू लागली. माझं बूड गळू लागलं आणि माझी बदली झाली कचऱ्यात. सुरुवातीला वाईट वाटलं. मग भाजीची देठं, रिकाम्या रिफिली आणि चुकलेली गणितं यांच्या संगतीत मीही रमलो. सगळं एकत्र, मोकळं, भावकीच्या पंगतीसारखं.

मग नियम आला. घंटागाडीवरचा भोंगा रोज सकाळी ओरडू लागला: ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका कचरा निळ्या डब्यात, एकत्र केलेला कचरा नेणार नाही. शेजारच्या गौरम्मा त्याच दिवशी दोन नव्या बादल्या घेऊन आल्या आणि आमच्या दारावरून दोनदा फिरल्या. पण महादेवप्पा दुकानदार माणूस. धड डबा असताना नवा कशाला? त्यांनी माझ्या पोटात मधोमध फळी ठोकली. दुकानाच्या शटरचा उरलेला रंग काढला. एक अंग हिरवं, एक अंग निळं. माझं सूर्यफूलही अर्धं इकडे, अर्धं तिकडे गेलं.

घंटागाडीवरच्या तारामतीने मला पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवले. "मामा, भिंत डब्यात हाय, गाडीत न्हाई. उलटा केला की भाऊ-भाऊ पुन्हा एक." महादेवप्पा हटेनात. शेवटी तिनेच तोड काढली: आधी निळ्या बाजूचं हाताने वेचून घ्यायचं, मग मला हिरव्यात उपडं करायचं. रोज वेचताना ती माझ्या खानदानाचा उद्धार करी.

मल्लम्मा मात्र कचरा वेगळा करताना गुणगुणायची:

*वल्लं गं हिरव्यात, सुकं घातलं निळ्यात*
*मनातलं बाई माझ्या, घालू कोण्या मी डब्यात*

वरच्या खोलीत अक्षरा राहायची, जळकोटची. हुशार पोर, पण रक्त कमी. जिना चढला की भिंत धरायची. डॉक्टरांनी रोज एक अंडं सांगितलं होतं. तिचे वडीलही गळ्यात लिंग बांधणारे. पोरीला सोडताना त्यांनी महादेवप्पांकडून शब्द घेतला होता, की तिच्या तोंडी असलं काही लागणार नाही. लागलं तर ते तिला परत नेतील. आणि परत नेणं म्हणजे शिक्षण संपलं.

म्हणून अक्षरा पाणी तापवायच्या विजेच्या किटलीत गुपचूप अंडं उकडायची. ते मी समजू शकतो. घोटाळा झाला तो टरफलांचा. पोर पडली शास्त्राची. तिनं विचार केला, टरफल म्हणजे कॅल्शियम, म्हणजे खडूचाच भाऊ, म्हणजे सुका कचरा. ती टरफलं धुवायची, वाळवायची, प्रश्नपत्रिकेत गुंडाळायची आणि माझ्या निळ्या बाजूला ठेवायची.

एके सकाळी तारामती वेचत असताना पुडी सुटली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. ती फक्त नियम सांगत होती, पण भोंग्याच्या सवयीने सांगत होती. "काकू, अंड्याची टरफलं हिरव्यात टाकायची वो, वल्ल्यात. निळ्यात न्हाई."

गल्ली थांबली. गौरम्मांची बादली हातातच राहिली. "अंडं?" त्या म्हणाल्या. "बेल असलेल्या घरात?"

महादेवप्पा पूजेवरून तसेच उठून आले. गाडी पुढे गेली, दार लागलं आणि अंगणात मुलींची चौकशी सुरू झाली. नांदेडच्या मुग्धाने न विचारताच सांगून टाकलं की तिच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा शिवत नाहीत. अक्षराने फक्त भिंत धरली. मग सगळ्यांना कळलं.

महादेवप्पा ओरडले नाहीत. ते हळू आवाजात म्हणाले, की तुझ्या बापाला शब्द दिलाय, आता फोन करावा लागंल. त्यांनी खिशातून फोन काढला.

तेव्हा मल्लम्मा पुढे आली. पदराला हात पुसले, माझ्याजवळ येऊन बसली, आणि माझ्या दांडीवर हात ठेवला.

"फोन करायचाच तर आधी माझ्या माहेरी करा," ती म्हणाली. "छावणीत मी अंडी खाल्ली हायत. ह्याच डब्यात उकडलेली. म्हणून जगले. इतकी वर्सं तुमच्या देवाला निवद करते, पन सांगायला जीभ उचलली न्हाई. आता पोरीला घालवायचं असंल, तर मलाबी घालवा."

महादेवप्पा माझ्याकडे बघत राहिले, मग बेलाकडे. पत्रा असूनही मला घाम फुटला.

ते बोलेपर्यंत थोडा वेळ आहे, मित्रांनो, तेवढ्यात तुम्हाला सांगून घेतो. ओलं-सुकं वेगळं ठेवा. अंड्याची टरफलं ओल्यातच टाका, कॅल्शियम असलं तरी. काच कागदात गुंडाळून द्या, तारामतीच्या हातांना पत्र्याचं कातडं नाही. आणि जुना डबा भंगारात घालण्याआधी एकदा आत कान लावून बघा. माणसं मनात जे कोंडून ठेवतात, त्याला कुठलीच गाडी येत नाही. ते ज्याचं त्यानंच दारात आणून ठेवावं लागतं.

महादेवप्पांनी फोन खिशात घातला.

"अक्षराच्या बापाला मी जाऊन समजावतो, जळकोटला. फोनवर नको," ते म्हणाले. मग ते बायकोसमोर उकिडवे बसले आणि माझ्या हिरव्या अंगावर बोटाने टकटक केली.

"छावणीतलं समदं तुझ्या भावानं लग्नाआधीच सांगितलं व्हतं मला. डब्यासकट. न्हाईतर गळका डबा कोन रंगवत बसतंय, मल्लम्मा?"