दिवेलागणीपर्यंत थांबा

टेलरकाका रोज सकाळी बायकोची वेणी घालत. आज वेणी घालता घालताच त्यांनी तिला पढवायला घेतलं.

"दुपारी तपासणीवाल्या बाई येतील," ते म्हणाले. "अंघोळीला मदत लागते म्हणून सांग. पण घरातून निघून जातेस, ते बोलू नकोस."

"मी कधी गेले निघून? या वयात खोटं बोलायला शिकवताय?"

वृद्धांना मिळणारी सरकारी मदत आता तपासणीत गुण देऊन ठरणार होती. धडधाकट ठरलात, तर रोज येणारी मदतनीस बंद. फार परावलंबी ठरलात, तर शहरातल्या मोठ्या वृद्धनिवासात रवानगी, तीही जोडीदाराशिवाय एकट्याचीच. गावातल्या छोट्या निवासाला खर्च परवडत नाही म्हणून कुलूप लागलं होतं. शेजारचा सुतार असाच गेला. त्याची बायको तिथं त्याला दोनदा भेटून आली. तिसऱ्यांदा जायच्या आधी तो वारल्याचा नुसता निरोप आला. मधली वाट सुईच्या नेढ्याएवढी होती, आणि काकांची नजर अधू.

बाई आल्या आणि काकू एकदम खुलल्या. "या, बसा. उन्हातून आलात, आधी पाणी घ्या." त्यांनी बाईंच्या मुलांची चौकशी केली, आपल्या गुडघ्यांची थट्टा केली. "आमच्या ह्यांना काही विचारू नका हं. काल काय जेवलो, तेही त्यांच्या लक्षात नसतं!"

बाई खळखळून हसल्या. "काका, काकू तर खणखणीत आहेत! सोमवारपासून मदतनीस बंद करू. दुसऱ्या गरजूला मिळेल."

मागच्याच आठवड्यात काकू ओढ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभ्या सापडल्या होत्या. मदतनिसानं ओढून काढलं. काकांच्या अंगात तेवढं बळ नव्हतं. हे सांगावं तर निवास, न सांगावं तर ओढा. त्यांनी दाराला आतून कडी घातली.

"बाई, दिवेलागणीपर्यंत थांबा. हात जोडतो."

"अजून दोन घरं बाकी आहेत, काका."

"तिथेही तुम्हाला पाहुण्यांसाठी आवरलेलं घरच दिसेल."

काकांचा पांढराफटक चेहरा पाहून बाई पुन्हा बसल्या.

उन्हं उतरली तशी काकूंची बडबड थांबली. त्या बोटं चुरगाळू लागल्या. मग बाईंच्या अगदी जवळ सरकून कुजबुजल्या, "ताई, तो माणूस कोण हो? सकाळपासून घरात शिरलाय. मला इथून घेऊन चला." त्यांनी बाईंचं मनगट असं आवळलं की नखं रुतली.

"अहो काकू, ते तर तुमचे..."

"नका सांगू," काका हलकेच म्हणाले. "सांगितलं की किंचाळते."

मोजायची टेप गळ्यात टाकून ते मागच्या दारानं बाहेर गेले. थोड्या वेळानं पुढच्या दारावर टकटक झाली. बाईंनी कडी काढली.

"येऊ का, वहिनी? टेलर. माप घ्यायचं राहिलंय तुमचं."

काकूंचा श्वास मोकळा झाला. "या हो, या! तुम्ही आलात, आता भीती नाही. घरात कुणी परका शिरला होता."

"गेला तो. मीच हाकलला."

काकांनी त्यांच्या खांद्यावर टेप धरली. काकू डोळे मिटून लहान मुलीसारख्या स्वस्थ उभ्या राहिल्या.

"रोज असं?" बाईंनी विचारलं.

"रोज. आधी परका होतो, मग टेलर. नवरा व्हायला सकाळ उजाडावी लागते, तीही एखादीच." काका थांबले. "आता बघितलंत सगळं. पाठवाल ना तिला निवासात? तिथं दारावर टकटक कोण करणार?"

बाईंनी तिथूनच कार्यालयात फोन लावला. "नाही साहेब, निवासात नाही. मदतनीसही बंद नाही, संध्याकाळीसुद्धा पाठवायची... हो, नियमात बसत नाही. मग नियमच चुकलाय. माझ्या नावावर घाला... घाला की, मी भीत नाही."

त्यांनी फोन ठेवला. "सध्या तरी काकू इथेच राहतील," त्या म्हणाल्या.

"आणि पुढच्या खेपेला तुमच्या जागी दुसरं कुणी आलं तर?"

बाईंनी मनगटावरचे नखांचे वळ चोळले.

"तर त्यांनाही बसवून घ्या, काका. अंधार पडेपर्यंत सोडू नका."